पडद्यावरील दवंडी

गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या भाच्याच्या परीक्षेची फी भरावयाची होती, मुदतीचा अखेरचा दिवस रविवार होता, आणि हल्लींच्या वहिवाटीप्रमाणें ती मोबाइलमधील बँकेच्या ॲपवरूनच भरावयाची होती. रात्रीं दहा वाजतां आम्हीं निश्चिंत मनानें ॲप उघडलें, तों दुरुस्तीच्या कामासाठीं सेवा सकाळपर्यंत बंद असल्याचें उत्तर आलें. आमच्या संतापास पारावार राहिला नाहीं. परंतु भाचा शांतपणें म्हणाला, “मामा, गुरुवारपासून वर पट्टी येत होती. तुम्ही रोज फुलीवर बोट ठेवून ती घालवीत होतां.” आम्हीं आठवून पाहिलें. पट्टी आल्याचें आठवत होतें, तिचा पिवळा रंगही आठवत होता; तिच्यांत काय लिहिलें होतें त्यांतलें मात्र एक अक्षर आठवेना. फी शेवटीं एका शेजाऱ्यांच्या खात्यांतून भरली गेली व मुलाचें वर्ष वांचलें. पण तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला आहे. चार दिवस डोळ्यांपुढें असलेली सूचना आम्हांस दिसली कशी नाहीं?

‘तुमचा निष्काळजीपणा’ हें यावर सरळ उत्तर आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि ज्या गृहस्थानें उभा जन्म विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका ओळीनें ओळ वाचण्यांत घालविला, त्याच्या डोळ्यांस ही न वाचण्याची संवय कोठून लागली? अशी संवय कोणीतरी लावल्यावांचून लागत नाहीं. ती कशी लागली हें पाहण्यासाठीं आम्हीं या सूचनापट्टीचा जन्मापासूनचा इतिहास चाळला, तेव्हां असें दिसून आलें कीं, पट्टीचें सामर्थ्य तिच्या रंगांत किंवा जागेंत कधींच नव्हतें. तें सूचना देणाऱ्याच्या संयमांत होतें. आणि तो संयम जसजसा सुटत गेला, तसतशी वाचकाची नजर पट्टीवरून उडत गेली.

सूचना देणें हा व्यवहार अर्थातच संगणकाहून फार जुना आहे. सम्राट अशोकाचे शिलालेख आमच्या सोपाऱ्यासही होते. त्यांतील एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उजेडांत आणला, हें वाचकांस ठाऊक असेलच. कलिंग देशांत धौली येथें कोरलेल्या विशेष आज्ञेंत तर ती कोणत्या दिवशीं वाचून दाखवावी हेंही सांगितलेलें आहे: तिष्य नक्षत्राच्या दिवशीं ती वाचली जावी, व मधल्या काळांतही प्रसंगविशेषीं, ऐकणारा एकटाच असला तरी, वाचली जावी. एवढा मोठा सम्राट, पण प्रजेचे कान कोणत्या वेळीं मागावे याचा विचार त्यासही करावासा वाटला! आमच्या खेड्यांतील दवंडीचेंही तसेंच होतें. डफाचा आवाज आला कीं हातचें काम टाकून लोक दारांत येत. कारण दवंडी रोज पिटली जात नसे, आणि ती पिटणारा मनुष्य उद्यां त्याच गल्लींतून जावयाचा असे.

आतां संगणकाकडे वळूं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठांत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें ‘सीटीएसएस’ नांवाची एक व्यवस्था प्रथम चालवून दाखविली. एकच मोठें यंत्र अनेकांनीं एकाच वेळीं वापरावें, प्रत्येकाच्या वांट्यास यंत्राच्या वेळेचा एकेक क्षण यावा, आणि प्रत्येकास मात्र यंत्र आपलेंच आहे असें वाटावें, अशी तिची योजना होती. यंत्र सामाइक झालें कीं सामाइक सूचनांची गरज आलीच. यंत्र उद्यां किती वाजतां बंद राहील, कोणता दोष दुरुस्त झाला, हें सर्वांस सांगावयाचें कसें? त्यासाठीं अशी सोय करण्यांत आली कीं, मनुष्य आपलें नांव व परवलीचा शब्द देऊन आंत शिरला कीं काम सुरू होण्यापूर्वीं एक छोटा मजकूर त्याच्यापुढें आपोआप टंकित व्हावा. त्यास ‘दिवसाचा संदेश’ असें नांव पडलें. आजच्या सूचनापट्टीची हीच मूळ आजी.

या आजीचा एक गुण ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ती मितभाषी होती, आणि तें केवळ सौजन्यानें नव्हे. त्या काळीं पुष्कळांपुढें कांचेचा पडदा नसून कागदावर टंकन करणारें दूरमुद्रक यंत्र असे. अशा यंत्राचा वेग सेकंदास सुमारें १० अक्षरांचा. म्हणजे ५०० अक्षरांची सूचना दिली तर वाचणाऱ्याचीं ५० सेकंदें यंत्राची खडखड ऐकण्यांत जावयाचीं. सूचना लिहिणारा स्वतःही तसल्याच यंत्रापुढें बसत असे, व त्याची लांबण त्यासही भोंवत असे. सूचनेचा खर्च देणाऱ्यास व घेणाऱ्यास सारखाच पडत होता. सूचनेस आळा घालणारा याहून चांगला कायदा पुढें कोणत्याही विधिमंडळास करतां आलेला नाहीं.

या जुन्या संदेशाची एक फजितीची गोष्ट खुद्द कॉर्बाटो यांनींच, ट्यूरिंग पारितोषिक मिळाल्यावर दिलेल्या व्याख्यानांत, सांगितलेली आहे. साठीच्या दशकांत एके दिवशीं आंत शिरणाऱ्या प्रत्येकापुढें दिवसाच्या संदेशाऐवजीं सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच टंकित होऊं लागली! झालें होतें असें: व्यवस्था पाहणाऱ्यांपैकीं एक जण संदेशाचा मजकूर दुरुस्त करीत होता, व त्याच वेळीं दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. लेखन-आज्ञावली आपला कच्चा मजकूर ज्या तात्पुरत्या फाइलींत ठेवी, तिचें नांव दोघांसही एकच होतें; त्यामुळें एकाचा कागद दुसऱ्याच्या जागीं जाऊन बसला. गोष्ट विनोदी आहे खरी, परंतु तिच्यांतून एक गंभीर अर्थ निघतो. जी खिडकी सर्वांच्या घरांत एकदम उघडते, तिच्यापाशीं उभें राहणाऱ्यानें इतरांहून अधिक जपलें पाहिजे.

ही सावधगिरी केवळ यंत्राच्या चुकीपुरती नव्हती. त्याच सीटीएसएसवर सर्वांस एकदम पत्र पाठविण्याचा अधिकार मोजक्या व्यवस्थापकांसच होता. १९७१ सालीं त्यांपैकीं एकानें त्या अधिकाराचा उपयोग करून व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध एक लांबलचक पत्र प्रत्येकास धाडलें. त्याचे वरिष्ठ टॉम व्हॅन व्हलेक यांनीं हें अनुचित असल्याचें त्यास सांगितलें, तेव्हां त्यानें गोष्ट महत्त्वाची असल्याचें उत्तर दिलें. युद्धाविषयींचें त्याचें मत बरोबर होतें कीं चूक, हा येथें प्रश्न नाहीं. आम्हांस त्याचें उत्तर महत्त्वाचें वाटतें. कारण तेव्हांपासून आजतागाईत सूचना देणारा प्रत्येक जण तेंच उत्तर देत आला आहे. स्वतःची गोष्ट कोणास महत्त्वाची वाटत नाहीं? प्रश्न एवढाच कीं, ती ज्याच्या कामाच्या आड येते, त्यास ती महत्त्वाची आहे कीं काय?

यास एक उत्तर बेल प्रयोगशाळेंत निर्माण झालेल्या ‘युनिक्स’ व्यवस्थेंत सांपडतें. १९७१ मधील तिच्या पहिल्या आवृत्तींतच ‘मेसेज’ या शब्दाचें संक्षिप्त रूप असलेली एक आज्ञा होती. ती देऊन कोणाही वापरणाऱ्यास, आपल्या पडद्यावर दुसऱ्यानें मजकूर लिहूं नये, असें सांगतां येई. पुढें सर्वांस एकदम बजावणारी ‘वॉल’, म्हणजे ‘राइट टू ऑल’, ही आज्ञा आली. मुख्य व्यवस्थापकाची ‘वॉल’ मात्र, दार लावून बसलेल्याच्याही पडद्यावर उमटे. कारण यंत्र पांच मिनिटांत बंद होणार असेल तर तें सर्वांस कळलेंच पाहिजे. दिवसाच्या संदेशाचीही हीच तऱ्हा. बर्कली येथें वाढलेल्या युनिक्समध्यें आपल्या फाइलींत एक रिकामी, ठराविक नांवाची फाइल ठेवली कीं आंत शिरतांना तो संदेश गप्प बसे. सारांश, दार लावण्याचा हक्क वाचकाचा, आणि तें ठोठावण्याचा हक्क खऱ्या संकटाचा, अशी ही वांटणी होती. ती त्या काळच्या तंत्रज्ञांनीं सहजपणें केली आणि आम्हीं पुढें सहजपणें घालविली.

ती घालविण्यास बाजार कारणीभूत झाला. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाच्या इंटरनेटवरील पानावर ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीची जाहिरात झळकली. ती लांबट पट्टीच्या आकाराची होती, आणि अशा पट्टीस ‘बॅनर’ म्हणतात. लवकरच पानाचा माथा म्हणजे जाहिरातीची जागा, अशी ओळख पडून गेली. चारच वर्षांनीं, १९९८ मध्यें, ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठांतील बेनवे व लेन या दोन संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांस एखादी माहिती शोधावयास सांगितली, आणि तिच्याकडे नेणारा दुवा मुद्दाम ठळक, रंगीत पट्टींत ठेवला. तर तो दुवा पुष्कळांस दिसेचना! साध्या ओळींत ठेवलेला दुवा मात्र सांपडे. या प्रकारास त्यांनीं ‘बॅनरचें अंधत्व’ असें नांव दिलें. आमच्या भाच्यानें आमच्यावर ठेवलेला आरोप तो हाच. जी जागा व जो आकार पूर्वीं ‘हें ऐका’ असें सांगे, तोच आतां ‘हें तुमच्या कामाचें नाहीं’ असें सांगूं लागला. लांडगा आल्याची ओरड करणाऱ्या मुलाची गोष्ट आपण लहानपणीं ऐकली आहे. येथें ओरडणारीं मुलें हजारों होतीं, आणि शिक्षा मात्र खरें बोलणाऱ्यास झाली.

दुसऱ्या बाजूनें सॉफ्टवेअर करणारेही धडपडत होतेच. त्यांचें पहिलें हत्यार म्हणजे पडद्याच्या मध्यभागीं अडवून उभी राहणारी चौकट. तिला उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येत नसे. आणि म्हणूनच लोक न वाचतां ‘ठीक’ म्हणावयास शिकले. ऑगस्ट २००४ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचांत आपल्या ब्राउझरसाठीं वेगळी युक्ति योजिली. पत्त्याच्या जागेखालीं एक पातळ पट्टी येई. ती धोक्याची सूचना देई, पण काम थांबवीत नसे. ही कल्पना सभ्यपणाची होती यांत संशय नाहीं. दारांत आडवें पडून राहणाऱ्यापेक्षां उंबऱ्याशीं उभा राहून खांकरणारा मनुष्य केव्हांही बरा.

परंतु आजच्या पट्टीच्या पाठीमागें काय चालतें तें पहा. कचेरींत बसलेला मनुष्य एका चौकटींत मजकूर लिहितो. तो सर्वांस दाखवावयाचा कीं कांहींजणांसच, कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत, त्यास फुली असावी कीं नसावी, हें ठरवितो. आणि कळ दाबतो. आपल्या हातांतील ॲप उघडतांच कंपनीच्या सर्व्हरकडे विचारणा करतें व पट्टी घेऊन येतें. ॲपची नवी आवृत्तिही घ्यावी लागत नाहीं. या सर्वांस सूचना देणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य. दूरमुद्रकाच्या काळीं लेखक व वाचक यांनीं जो भार सारखा वांटून घेतला होता, तो आतां सगळाच वाचकाच्या खांद्यावर आला आहे. मग सेवा बंद राहण्याची सूचना, दिवाळीची सवलत, नव्या रंगाचें कौतुक आणि अटींतील गंभीर फेरबदल हीं चारही एकाच पिवळ्या पट्टींत बसून येऊं लागलीं, यांत आश्चर्य तें काय?

पट्टी मुळींच निरुपयोगी झाली, असें मात्र कोणीं समजूं नये. विकिपीडिया या ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीनें १८ जानेवारी २०१२ रोजीं, अमेरिकेंतील दोन प्रस्तावित कायद्यांच्या निषेधार्थ, चोवीस तास आपलीं पानें झांकून ठेवलीं व त्यांच्या जागीं एक काळी सूचना लावली. त्या दिवशीं ती सोळा कोटींहून अधिक वेळां पाहिली गेली, आणि दोनच दिवसांत त्या कायद्यांवरील मतदान पुढें ढकलण्यांत आलें. ही शक्ति कोठून आली? असली गोष्ट त्या कोशानें रोज केली नव्हती, यांतून. उलट त्याच कोशाच्या वर्गणी मागणाऱ्या पट्ट्या वर्षानुवर्षें लांबत व आर्जवी होत गेल्या, तेव्हां २०२२ च्या नोव्हेंबरांत तेथील स्वयंसेवक संपादकांनींच चर्चा करून, तो मजकूर दिशाभूल करणारा असल्याचा निर्णय दिला. आणि कोश चालविणाऱ्या संस्थेस तो बदलावा लागला. ज्यांच्या घरावर पाटी लावावयाची, त्यांस ती उतरविण्याचाही आवाज होता, हें या उदाहरणांतील विशेष होय.

युरोपांत हें काम कायद्यानें करून पाहिलें. २००२ च्या एका निर्देशांत २००९ सालीं दुरुस्ती होऊन, वाचकाच्या यंत्रांत ‘कुकी’ नांवाची खूण ठेवण्यापूर्वीं त्याची संमति घ्यावी असें ठरलें. हेतु उत्तम, परिणाम असा झाला कीं, पानापानावर संमतीची पट्टी आली, आणि तिच्यांत ‘मान्य’ हें बटण ठळक व ‘अमान्य’ हें तीन जिने उतरून तळघरांत ठेवण्याची कला बहरली. १ ऑक्टोबर २०१९ रोजीं युरोपीय न्यायालयास, आधींच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमति नव्हे, असें स्पष्ट सांगावें लागलें. जानेवारी २०२२ मध्यें फ्रान्सच्या नियामक संस्थेनें, नकार देणें होकाराइतकें सोपें न ठेवल्याबद्दल, गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचें जाहीर केलें. येथें पट्टीचा स्वभावच पालटला होता. ती आतां माहिती देत नव्हती. ती सही घेत होती.

याचा प्रत्यय आम्हां हिंदी लोकांस जानेवारी २०२१ मध्यें आला. व्हॉट्सॲपनें ॲपच्या आंतच एक सूचना दाखवून कळविलें कीं, आमच्या नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहींतर ॲप वापरतां येणार नाहीं. या देशांत त्या वेळीं चाळीस कोटींहून अधिक लोक तें वापरीत होते. एरवीं न वाचतां ‘मान्य’ म्हणणारी जनता या वेळीं दचकली. कारण सूचनेंत विनंति नव्हती, ताकीद होती. खासगी पत्रें वाचलीं जाणार अशी आवई उठली. कंपनीचें म्हणणें असें कीं तसें कांहींच नाहीं. पण तें ऐकतो कोण? ‘टेलिग्राम’ या प्रतिस्पर्ध्यानें ७२ तासांत अडीच कोटी नवीन लोक आल्याचें जाहीर केलें. मग जी कंपनी प्रत्येकाच्या खिशांत होती, तिला आपलें म्हणणें सांगण्यासाठीं हिंदुस्थानांतील दैनिकांत पानभर जाहिराती द्याव्या लागल्या! मुदत १५ मेपर्यंत लांबविण्यांत आली. आणि फेब्रुवारींत कंपनीनें सांगितलें कीं, आतां आम्ही ॲपमध्यें एक लहान पट्टी दाखवूं, लोकांनीं ती सवडीनें वाचावी. जी पट्टी आधीं यावयास पाहिजे होती, ती वादळानंतर आली. मे संपण्यापूर्वींच, अटी न मानणाऱ्यांची सेवा कमी करण्याचा बेतही सोडून द्यावा लागला. पुढें भारतीय स्पर्धा आयोगानें नोव्हेंबर २०२४ मध्यें या प्रकरणांत मेटा कंपनीस २१३ कोटी १४ लक्ष रुपये दंड केला, व प्रकरण अपिलांत गेलें. ‘मान्य करा किंवा चालते व्हा’ ही निवड नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

आमच्या वाचकांस विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. २०२३ सालच्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यांत, संमति मागतांना द्यावयाची सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत वाचण्याचा पर्याय नागरिकास असावा, अशी तरतूद आहे. म्हणजे मराठीही तिच्यांत आली. परंतु सूचना मराठींत येणें आणि ती मराठी माणसास समजणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्रजी वाक्यावर शब्दाला शब्द ठेवून रचलेली सूचना आमच्या घरांतील आजींनीं वाचली तर, ती मराठी आहे एवढेंच त्यांस कळेल. हें काम कायद्याचें नाहीं. तें लिहिणाऱ्यांचें आहे, आणि आमच्या पदवीधरांनीं तें हलकें मानूं नये.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, लोक कांहींही केलें तरी वाचीत नाहींत. तेव्हां सूचना देणाऱ्यानें मोठ्यानें ओरडूं नये तर काय करावें? आमचें म्हणणें असें कीं, लोक वाचीत नाहींत हें कारण नसून कार्य आहे. लोकांचें अवधान हें गांवच्या गायरानासारखें आहे. तें कोणा एकाच्या मालकीचें नाहीं, म्हणून प्रत्येक जण आपलीं गुरें सोडतो. आणि गवत संपलें म्हणजे जमीन वांझ असल्याची तक्रार करतो. उपाय कठीण नाहींत. ज्या गोष्टीनें वाचकाचें काम अडेल किंवा हक्क बदलेल, तीच पट्टींत यावी. सवलती व कौतुकें यांस दुसरी जागा असावी. पहिल्याच ओळींत दिवस व वेळ असावी. एकदां घालविलेली पट्टी पुन्हां डोकावूं नये, पण घालविलेली सूचना पुन्हां वाचावयाची झाली तर ती मिळण्याची ठराविक जागा असावी. आणि जेथें होकार मागितला जातो, तेथें नकाराचें दार तितकेंच रुंद असावें. यांपैकीं एकही गोष्ट यंत्रास अशक्य नाहीं. अशक्य वाटतो तो संयम.

त्या रविवारानंतर आम्हीं बँकेच्या ॲपमधील प्रत्येक पट्टी वाचण्याचा नेम केला. पहिल्या आठवड्यांत सात पट्ट्या आल्या. त्यांत कर्जाच्या, विम्याच्या व सणाच्या सवलतींच्या मिळून सहा होत्या. सातवी पुढील दुरुस्तीची होती. सातवी आम्हांस सांपडली, परंतु त्यासाठीं आधींच्या सहा वाचाव्या लागल्या, आणि हा नेम किती दिवस टिकेल याचा भरंवसा आम्ही देऊं शकत नाहीं. दवंडी पिटणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं त्याच गल्लींतून जावयाचें असे, हें आम्हीं आरंभीं सांगितलें. पट्टी लिहिणाऱ्यास आमच्या गल्लींत यावें लागत नाहीं. आमचा भाचा फी भरतां न आल्यामुळें रात्रीं दहा वाजतां शेजारचें दार ठोठावीत उभा होता, हें त्याच्या पडद्यावर कोठेंच उमटत नाहीं. तें जर उमटलें असतें, तर त्या आठवड्यांतील त्या सहा पट्ट्या त्यानें लिहिल्या असत्या काय?